ग्रामसभेत उभं राहून सांगता येईल का?

या आठवड्याचं पत्र :

"ताई, माझं वय ३४. गेली चार वर्षं गावचा सरपंच आहे. यशवंतराव चव्हाणांचं देवराष्ट्रे आमच्या गावाहून गाडीवर अर्ध्या तासाच्या आत येतं. त्यामुळं लहानपणापासून घरात तेच नाव ऐकत आलो. मला राजकारणात पुढं जायचं आहे, हे लपवत नाही. आधी जिल्हा परिषद, मग जमलं तर विधानसभा. आमच्या भागातले एक मोठे नेते तिकीट द्यायला तयार आहेत. पण गेल्या वर्षी आमच्या ग्रामसभेनं गायरानाशेजारच्या खडी क्रशरविरुद्ध ठराव केला. सुरुंगांनी विहिरींना तडे गेलेत, शाळेच्या बाकांवर रोज धुळीचा थर असतो. क्रशर नेत्यांच्या नात्यातल्याचा आहे. आता निरोप आलाय, १ मेच्या ग्रामसभेत ठराव मागं घ्या, तिकिटाचं आम्ही बघतो. आजोबा म्हणतात, यशवंतरावांनीसुद्धा गिळलं, आत राहिले, म्हणून दिल्लीपर्यंत गेले. बाहेर पडलेल्यांची नावं तरी कुणाला आठवतात? बायको त्याच शाळेत शिकवते. ती म्हणते, ठराव मागं घेतलात तर मी पोरांना तोंड कसं दाखवू? खरं सांगा, यशवंतराव आधी महत्त्वाकांक्षी होते की आधी तत्त्वाचे? आणि मी काय करू? नाव छापू नका. — कुंपणावरचा."

प्रिय सरपंच,

तुम्ही खाली सही केलीय त्या शब्दानं मला थेट आमच्या ओसरीवर नेऊन बसवलं. माझे वडील संयुक्त महाराष्ट्र समितीचे. पदाधिकारी वगैरे नव्हते, सभेला सतरंजी अंथरणाऱ्यांतले. आमच्या घरी 'फलटण' हा शब्द आरोप केल्यासारखा उच्चारला जायचा, आणि यशवंतरावांचा विषय निघाला की वडील 'कुंपणावरचा माणूस' म्हणून तो मिटवून टाकायचे. १९८४ च्या नोव्हेंबरात यशवंतराव गेले तेव्हा मी अकरावीत होते. अंत्यसंस्काराच्या दिवशी वडील कुणाला न सांगता सकाळच्या एस.टी.नं कराडला गेले. रात्री परतले तेव्हा धोतराच्या काठाला नदीची माती होती. आईनं पाणी दिलं, तर तांब्या हातात तसाच धरून म्हणाले, "आपलाच होता गं तो." पुढं काही नाही. जेवलेही नाहीत.

त्या रात्रीपासून मी या माणसाबद्दल विचार करतेय. पुढं तालुक्याच्या कॉलेजात राज्यशास्त्र शिकवायला लागले, दर वर्षी पोरांना घेऊन कराडला जायचे, तरी वडिलांचं ते वाक्य मला पुरतं उलगडलं असं नाही. तेव्हा तुमच्या प्रश्नाचं उत्तर देते ते पुस्तकातून कमी आणि त्या ओसरीवरून जास्त.

आधी महत्त्वाकांक्षा की आधी तत्त्व? यशवंतरावांच्या बाबतीत दोन्ही एकाच दप्तरात होती. कराडच्या टिळक हायस्कुलात असताना मास्तरांनी वर्गाला विचारलं, तुम्ही पुढं कोण होणार? पोरांनी थोरामोठ्यांची नावं लिहिली. यानं चिठ्ठीवर लिहिलं, 'मी यशवंतराव चव्हाण होणार.' बाप प्लेगात गेलेला, आई निरक्षर, घरात उद्याची शाश्वती नाही, आणि पोरगं असं लिहितंय. ही महत्त्वाकांक्षा नाही तर काय? तुम्ही 'लपवत नाही' असं लिहिलंत ते मला आवडलं. त्यांनीही लपवली नव्हती. गावाकडं आपण इच्छा असणाऱ्याला हावरा म्हणतो, आणि मग इच्छा असलेली माणसं 'कार्यकर्त्यांच्या आग्रहाखातर' उभी राहतात. त्या खोटेपणापेक्षा तुमची यादी बरी.

पण त्याच मुलाची तीन-चार वर्षांनंतरची गोष्टही घ्या. १९३२ साली कराडला झेंडा लावला म्हणून १८ महिन्यांची सक्तमजुरी झाली. तुरुंगात भेटायला आई आली, सोबत एक मास्तर होते. मास्तर भला माणूस. त्यांनी सुचवलं, माफी लिहून दिली तर पोरगं लगेच सुटेल. विठाबाईंनी मास्तरांनाच आडवं घेतलं, माफी कशाची मागायची म्हणून. पोराला म्हणाल्या, तब्येतीला जप. सरपंच, या प्रसंगात सुटकेचा कागद पुढं आलेला आहे, तो आणणारा शत्रू नाही, हितचिंतक आहे, आणि फायदा खरा आहे. तुमच्याकडं आलेला निरोपही असाच गोड आहे. फरक एवढाच, की तिथं नको म्हणायला आई होती आणि तुमच्याकडं बायको आहे.

येरवड्याच्या तुरुंगानं त्यांना घडवलं. आचार्य भागवतांसारखी माणसं तिथं पोरांना शिकवत होती. गांधी होतेच, सत्यशोधकी विचार थोरल्या भावाकडून घरात आलेला होता, पुढं साम्यवादी विचारवंत मानवेंद्रनाथ रॉय यांच्या मांडणीची ओढ लागली. शेतकऱ्याच्या, बहुजनाच्या पोराच्या हातात सत्ता आली पाहिजे, हा विश्वास या सगळ्यातून पक्का झाला. तो नुसता बोलण्यापुरता नव्हता. १९३७ च्या निवडणुकीत साताऱ्यातून काँग्रेसचं तिकीट शेतकऱ्याच्या घरातल्या माणसाला मिळावं म्हणून या विशीतल्या तरुणानं जुन्या पुढाऱ्यांशी भांडण मांडलं, आणि बोरगावच्या आत्माराम पाटलांना निवडून आणलं. स्वतःसाठी काही मिळायच्या नऊ वर्षं आधी ते दुसऱ्याच्या तिकिटासाठी भांडले होते. तुम्हाला तुमच्या तिकिटाची घाई झालेली दिसते म्हणून हे मुद्दाम लिहिलं.

आणि रॉयवाद? दुसरं महायुद्ध सुरू झालं, रॉय यांच्या लोकांनी इंग्रजांच्या युद्धप्रयत्नाला पाठिंबा दिला, तेव्हा यशवंतराव त्यांच्यापासून बाजूला झाले आणि गांधींच्या काँग्रेसबरोबर राहिले. इथं पहिल्यांदा त्यांचा तो स्वभाव दिसतो ज्याबद्दल तुमचे आजोबा बोलतात : लोक ज्या मोठ्या प्रवाहात आहेत त्यात राहायचं. विचार कितीही देखणा असला, तरी तो घेऊन चार माणसांत एकटं बसायचं नाही. १९४८ साली हीच परीक्षा पुन्हा आली. शंकरराव मोरे, केशवराव जेधे ही बहुजन समाजाची मोठी माणसं काँग्रेसमधून बाहेर पडली, शेतकरी कामगार पक्ष निघाला. यशवंतरावांचं मन कुणाच्या बाजूला होतं हे सांगायला नको. तरी ते गेले नाहीत. १९५४ मध्ये जेधे स्वतः काँग्रेसमध्ये परत आले. आजोबांचा मुद्दा इथपर्यंत बरोबर आहे. बाहेर पडलेल्यांची नावं आठवत नाहीत हे मात्र खरं नाही. माझ्या वडिलांना ती तोंडपाठ होती.

आता फलटण.

राज्य पुनर्रचना आयोगाचा अहवाल १९५५ च्या ऑक्टोबरात आला आणि मराठी माणसाचं रक्त उसळलं. मुंबई वेगळी काढायचा घाट दिसायला लागला. रस्त्यावर माणसं, गोळीबार, शंभराहून जास्त मृत्यू. यशवंतराव तेव्हा मुंबई राज्यात मोरारजी देसाईंच्या मंत्रिमंडळात होते. १ डिसेंबर १९५५ ला फलटणला त्यांनी सांगून टाकलं, की संयुक्त महाराष्ट्र की नेहरू अशी निवड करायची वेळ आली तर मी नेहरूंना निवडीन. राज्य हवंय, पण देशाचं नेतृत्व दुबळं करून नको. समितीच्या सभांतून त्यांना सूर्याजी पिसाळ म्हटलं गेलं. मराठी मुलखात याहून वाईट शिवी नाही. माझे वडील तेव्हा २३ वर्षांचे. ते म्हणायचे, त्या दिवशी मला वाटलं आपल्याच घरातल्या माणसानं दाराला बाहेरून कडी घातली.

वर्षभरानं, १ नोव्हेंबर १९५६ ला, गुजरातसह द्विभाषिक मुंबई राज्य झालं आणि पक्षात भाऊसाहेब हिऱ्यांविरुद्ध निवडून येऊन यशवंतराव मुख्यमंत्री झाले. वय ४३. आता कुणीही म्हणेल, बघा, गिळलं म्हणून मिळालं. वडील हेच म्हणायचे, तुमचे आजोबाही हेच म्हणतात. एक रागानं आणि दुसरे कौतुकानं. त्याच वर्षी चिंतामणराव देशमुखांनी मुंबईच्या प्रश्नावर केंद्रातलं अर्थमंत्रिपद सोडून दिलं होतं. महाराष्ट्रानं त्यांना डोक्यावर घेतलं, आणि ते योग्यच होतं. देशमुखांचा राजीनामा हा माझ्या शिकवण्यातला आवडता तास होता. पण दर वर्षी कुणीतरी पोरगं विचारायचं, मॅडम, मग दोघांतलं बरोबर कोण? मी दर वर्षी अडखळायचे.

बऱ्याच वर्षांनी मला त्यातलं एक सूत्र हाती लागलं, तेच तुम्हाला द्यायचं आहे. यशवंतराव फलटणला जे बोलले ते उघड बोलले. स्वतःच्या जिल्ह्यात, स्वतःच्या माणसांसमोर, स्वतःच्या तोंडानं. त्याची किंमत काय पडणार हे त्यांना कळत नव्हतं असं समजू नका. १९५७ च्या निवडणुकीत पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेस भुईसपाट झाली, आणि खुद्द मुख्यमंत्री कराडमधून कसेबसे निवडून आले. घराघरात आपल्याला काय म्हणतात हे ते ऐकत होते. पण ते काय करताहेत आणि का करताहेत, हे विरोधकालाही नीट माहीत होतं. त्यामुळंच विरोधक त्यांच्याशी बोलू शकत होते. ३० नोव्हेंबर १९५७ ला प्रतापगडावर शिवाजी महाराजांच्या पुतळ्याच्या अनावरणाला नेहरू आले तेव्हा समितीनं काळ्या निशाणांनी प्रचंड निदर्शनं केली, आणि एवढा तापलेला प्रसंग शांततेनं पार पडला. नेहरूंनी मराठी माणसाचा राग स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला. आत बसलेला माणूस वरच्यांना सांगत राहिला, हे द्विभाषिक टिकायचं नाही. १ मे १९६० ला राज्य आलं. फलटणपासून साडेचार वर्षंही झाली नव्हती.

हे राज्य समितीनं रस्त्यावर मिळवलं, हे मी माझ्या वडिलांची मुलगी म्हणून ठामपणे सांगते. पण आत एक माणूस नसता तर ते त्या दिवशी आलं असतं का, याचं उत्तर मला 'हो' असं देता येत नाही. मेलेल्यांच्या आयांना हा हिशेब कुणी समजावावा? मी तरी नाही. यशवंतरावांच्या आत राहण्याची किंमत दुसऱ्यांनीही मोजली, हा डाग मी पुसून देणार नाही, आणि आजोबांनीही तुम्हाला पुसून देऊ नये.

पण आत राहून त्यांनी बाहेर काय आणलं ते बघा. इथं मी थोडी रेंगाळणार आहे, कारण तुम्ही ज्या पायरीवर उभे आहात ती पायरी त्यांनी बांधली. नागपुरात संपादक ग. त्र्यं. माडखोलकरांनी भर सभेत विचारलं होतं, हे राज्य मराठी की मराठा? ते म्हणाले, मराठी. हे राज्य एका जातीचं होणार नाही, असं मुख्यमंत्रिपदावरच्या मराठा माणसानं सांगणं त्या काळी साधं नव्हतं. १९५८ च्या कायद्यानं महार वतनं, म्हणजे वतनाच्या नावाखाली पिढ्यान्‌पिढ्या करावी लागणारी गावकीची चाकरी, गेली. बाबासाहेबांनी १९२८ सालापासून विधिमंडळात जो प्रश्न लावून धरला होता, तो ३० वर्षांनी सुटला. फी भरायला पैसे नाहीत म्हणून शाळा-कॉलेज सोडणाऱ्या पोरांसाठी ई.बी.सी. ही फीमाफीची सवलत आली. माझे मामा त्या सवलतीवर इंजिनिअर झाले. आजीला 'ई.बी.सी.' म्हणता यायचं नाही, ती 'चव्हाणांची फी' म्हणायची, आणि ती असं म्हणाली की वडील उठून बाहेर जायचे. साहित्य संस्कृती मंडळ काढून तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या हाती दिलं. कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ त्यांच्या काळातलं. आणि वसंतराव नाईक समितीनं सुचवलेली जिल्हा परिषद त्यांनी कायद्यात उतरवली. १ मे १९६२ पासून ती सुरू झाली. जिल्ह्याचा कारभार कलेक्टरच्या कचेरीतून उचलून निवडून आलेल्या शेतकऱ्याच्या पोराच्या टेबलावर ठेवायचा, ही १९३७ सालच्या त्या भांडणाचीच पुढची पायरी. तुम्हाला ज्या जिल्हा परिषदेत जायचंय तिथं खुर्चीच्या आधी हा विश्वास होता. खुर्ची त्यासाठी केली.

एक काम करा. कागद घ्या आणि लिहा, जिल्हा परिषदेत गेलो तर पहिल्या वर्षात मी कोणत्या तीन फायली हलवणार? तुमच्या पत्रात ग्रामसभा आहे, विहिरी आहेत, शाळा आहे. तिकिटाचा विषय आला की पुढं फक्त पायऱ्या आहेत : जिल्हा परिषद, मग विधानसभा. कामाचं नाव नाही. यशवंतरावांच्या महत्त्वाकांक्षेला नेहमी कामाचं नाव असायचं, निदान मुंबईत असेपर्यंत.

कारण दिल्लीत ते तसं राहिलं नाही, असं माझं मत आहे. आमच्या भागात ते फारसं कुणाला आवडत नाही, तरी लिहिते.

१९६२ च्या नोव्हेंबरात चीनपुढं आपली पीछेहाट झाली, संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांना पद सोडावं लागलं, नेहरूंनी यशवंतरावांना संरक्षणमंत्री म्हणून बोलावलं. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, हे वाक्य मी पाळण्यातून ऐकलं असेल. खचलेलं सैन्य त्यांनी उभं केलं. १९६५ च्या युद्धात त्याची फळं दिसली. पुढं गृह, अर्थ, परराष्ट्र. एवढी मोठी खाती एकामागून एक फार थोड्यांनी सांभाळली. आणि प्रत्येक वेळी वर्तमानपत्रांतून एकच चर्चा, आता पंतप्रधान होणार. १९६६ मध्ये ताश्कंदला शास्त्रीजी गेले, तेव्हा त्यांनी स्वतः न उतरता इंदिराबाईंच्या मागं वजन टाकलं. ते शहाणपण होतं, असं म्हणता येईल.

मग १९६९. राष्ट्रपतिपदाचा उमेदवार ठरवायला बंगळूरला पक्षाचं संसदीय मंडळ बसलं. तिथं यशवंतरावांनी सिंडिकेटबरोबर, म्हणजे पक्षातल्या जुन्या पुढाऱ्यांच्या गटाबरोबर, नीलम संजीव रेड्डींच्या बाजूनं मत दिलं, म्हणजे इंदिराबाईंच्या विरुद्ध. नंतर ऐक्यासाठी खटपट केली. पक्ष फुटला तेव्हा मात्र इंदिराबाईंबरोबर राहिले. दोन्ही निर्णयांना कारणं असतील. पण या वेळी फलटण झालं नाही. मी इकडं का होतो आणि आता तिकडं का आहे, हे त्यांनी लोकांसमोर छातीठोकपणे सांगितलेलं कुणाच्या लक्षात राहिलं नाही. सिंडिकेटवाल्यांना ते आपले वाटले नाहीत, आणि इंदिराबाई तो बंगळूरचा हात विसरल्या नाहीत. १९७० च्या जूनमध्ये गृहखातं गेलं. 'कुंपणावरचा' हा शब्द त्यांना खरा चिकटला तो इथं. फलटणला ते कुंपणावर मुळीच नव्हते, एका बाजूला धडधडीत उभे होते.

माझ्या वडिलांचा राग फलटणवर होता, म्हणून त्यांना हे दिसलं नाही. मलाही दिसायला वेळ लागला.

पुढचं थोडक्यात सांगते, कारण सांगताना मला त्रास होतो. आणीबाणीत ते मंत्रिमंडळात राहिले, आणि तुरुंगात माफी न मागितलेल्या मुलाकडून मला वेगळं काही हवं होतं. १९७७ च्या पराभवानंतर लोकसभेत विरोधी पक्षनेते झाले. १९७८ मध्ये पक्ष पुन्हा फुटला, या वेळी ते इंदिराबाईंच्या विरुद्ध बाजूला. १९७९ च्या जुलैमध्ये मोरारजींचं सरकार गडगडलं आणि राष्ट्रपतींनी सरकार बनवता येईल का पाहा म्हणून यशवंतरावांना बोलावलं. राष्ट्रपती कोण? तेच संजीव रेड्डी, ज्यांच्यासाठी दहा वर्षांपूर्वी बंगळूरला हात वर झाला होता. शाळेतल्या चिठ्ठीपासून जे दिसत होतं ते त्या आठवड्यात हाताच्या अंतरावर आलं, आणि जुळलं नाही. माणसं मोजायला बसले तर पुरेशी माणसं नव्हती. चरणसिंगांच्या सरकारात उपपंतप्रधान झाले, ते सरकार लोकसभेला सामोरंही गेलं नाही. १९८० मध्ये साताऱ्यानं त्यांना निवडून दिलं, कारण सातारा त्यांचाच होता. १९८१ मध्ये ते इंदिराबाईंच्या काँग्रेसमध्ये परतले. पुढच्या वर्षी आठव्या वित्त आयोगाचं अध्यक्षपद मिळालं, आणि तेही त्यांनी मन लावून केलं.

१ जून १९८३ ला वेणूताई गेल्या. लग्न १९४२ च्या जूनमधलं. दोन महिन्यांत चळवळ पेटली, नवरा भूमिगत झाला, आणि लग्नानंतरच्या पहिल्याच संक्रांतीला पोलिसांनी या नव्या नवरीला अटक केली. ज्या दिवशी हलव्याचे दागिने घालून मिरवायचं, त्या दिवशी तुरुंग. त्यांची तब्येत कायमची नाजूक राहिली. कराडला वेणूताईंच्या नावानं स्मारक आहे, तिथं यशवंतरावांचा ग्रंथसंग्रह आहे. मी पोरांना घेऊन जायचे तेव्हा पोरं कपाटं मोजायची. मी एकदा एका मुलीला वेणूताईंच्या फोटोसमोर बराच वेळ उभी असलेली पाहिलं. म्हणाली, मॅडम, यांना कुणी विचारलं होतं का? मला उत्तर देता आलं नाही. तुमच्या बायकोनं तुम्हाला न विचारताच उत्तर दिलंय. रोज ती धूळ ती बाकांवरून पुसतेय. राजकारणाची किंमत घरचं माणूस मोजतं, मग त्याला मत असू द्या, आणि ते सल्ला म्हणून ऐका, अडथळा म्हणून नको.

आता तुमचं.

आजोबांना सांगा, यशवंतराव आत राहिले हे खरं, पण आत राहून त्यांनी मागितलं. राज्य मागितलं, खातं मागितलं, कायदा करून घेतला. तुमच्याकडून फक्त द्यायला सांगितलंय. नेत्यांना तुम्ही काही मागितलंत का? पहिल्यांदा ते करा. १ मेच्या आधी स्वतः भेटायला जा. मध्यस्थ नको, फोन तर नकोच. आदरानं, पण बसून बोला. सांगा की ठराव ग्रामसभेचा आहे, माझा नाही. मी तो खिशातून काढून देऊ शकत नाही. क्रशर हलवता येईल का, सुरुंग बंद होतील का, शाळेकडच्या बाजूचं काय, तडा गेलेल्या विहिरींचं काय, हे मुद्दे लिहून न्या. सुटले तर ग्रामसभेसमोर ठेवा आणि ग्रामसभेला ठरवू द्या. तसं झालं तर तिकीट घ्या, खुशाल घ्या, आणि मी तुमच्या प्रचाराला येईन.

नाही सुटले, आणि फक्त ठराव मागं घ्यायचा उरला, तर एक वाक्य तयार करा. १ मेच्या सकाळी झेंडावंदन झाल्यावर ग्रामसभेत उभं राहून सगळ्यांसमोर म्हणायचं वाक्य : 'मी हा ठराव मागं घ्या असं सांगतोय, कारण...' त्या 'कारण'पुढं जे खरं आहे ते लिहा. तिकीट असेल तर तिकीट लिहा. मग रात्री घरात मोठ्यानं म्हणून बघा. यशवंतरावांचं फलटणचं वाक्य असंच मोठ्यानं म्हणता येण्यासारखं होतं; कुणाला पटलं नाही, तरी ते म्हणता आलं. तुमचं वाक्य म्हणता येत असेल तर तुम्ही आजोबांच्या वाटेनं जा, शिव्या खा, आणि पुढच्या पाच वर्षांत गावाला त्याहून मोठं काही आणून द्या. घशात अडकत असेल तर ठराव आहे तिथं राहू द्या आणि तिकीट जाऊ द्या.

तिकीट गेलं की सगळं गेलं, असं ३४ व्या वर्षी वाटतं. यशवंतराव ३३ व्या वर्षी पहिल्यांदा आमदार झाले, १९४६ साली, आणि मिळालं काय तर मंत्रिपद नव्हे, गृहखात्याचं संसदीय सचिवपद. ते घ्यावं की नाही याचाही त्यांना पेच पडला होता. तोवर दोन तुरुंगवास झाले होते, वकिली सुरू होऊन बंद पडली होती. तुमच्याकडं वेळ आहे. चार वर्षं सरपंच असलेल्या माणसामागं ग्रामसभा उभी असेल तर तिकीट देणारे आणखीही येतात. ते कधी येतील हे मी सांगू शकत नाही, येतीलच अशी हमीही देत नाही.

फक्त बंगळूर करू नका. म्हणजे नेत्यांना 'हो साहेब' म्हणायचं, गावाला 'बघतो' म्हणायचं, आणि त्या दिवशी आजारी पडायचं किंवा गणपूर्ती होऊ द्यायची नाही. तुमच्या सहीवरून मला भीती वाटते, की मनात हाच तिसरा रस्ता आहे. यातून ठराव जातो, बायकोचा विश्वास जातो, आणि नेत्यांनाही कळतं की हा माणूस कुणाचाच नाही.

उद्या सकाळी ग्रामसेवकाकडं जा आणि गेल्या वर्षीच्या त्या ग्रामसभेचं इतिवृत्त काढून त्याची सही-शिक्क्याची नक्कल घरी आणून ठेवा. ठरावाचे सूचक कोण, अनुमोदक कोण, हजेरीच्या वहीत सह्या आणि अंगठे किती, हे स्वतः मोजा. त्यात बायकांच्या सह्या किती तेही वेगळं मोजा, कारण विहिरीवर त्या जातात. तो आकडा मला कळवा. नेत्यांकडं काय बोलायचं ते आपण त्यावरून ठरवू.

तुमची,
ताई